नवव्या अध्यायाच्या चतुःसीमा

माणसानं आपला मान कुठं ठेवावा, याला काही धरबंध नसतो. कुणाचा फेट्यात असतो, कुणाचा बुलेटमध्ये, कुणाचा लग्नपत्रिकेच्या तळाशी नातेवाइकांच्या यादीत. चिंचेवाडीच्या गोरक्षनाथ भापकरांचा मान एका पाटावर होता. डोंगरनाथाच्या देवळात, समईच्या उजव्या हाताला, दीड फूट रुंद, एक पाय किंचित आखूड. श्रावणात एकवीस दिवस तिन्हीसांजेला त्या पाटावर बसून ते डोंगरनाथाची पोथी वाचत आणि उरलेलं वर्षभर त्या पाटावर बसणारा माणूस म्हणून गावातून हिंडत. असं एकतीस वर्षं चाललं होतं.

चिंचेवाडी मिरजगावपासून फार लांब नाही, पण हायवे सोडून आत यावं लागतं आणि पाऊस तेवढी तसदी घेत नाही. गोरक्षनाथांनी तालुक्याला रजिस्ट्री कचेरीत तेहतीस वर्षं कारकुनी केली. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, वाटणीपत्रं, हक्कसोडपत्रं. अडाणी पक्षकाराला दस्त मोठ्यानं वाचून दाखवायचं काम त्यांच्याकडं असे. आवाज तिथंच घडला. गावातले टवाळ म्हणायचे, अण्णा दस्त वाचतात पोथीसारखा आणि पोथी वाचतात दस्तासारखी. अण्णांना ते दोन्ही बाजूंनी कौतुकच वाटायचं.

मग डोळे गेले. म्हणजे पुरते गेले असते तर एक वेळ परवडलं असतं, लोक हळहळले तरी असते. हे फक्त मधोमध गेले. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, टोपी दिसायची, आणि तोंडाच्या जागी धुकं. शेजारच्या हनुमंत मास्तरांच्या बाबतीत अण्णांची त्याबद्दल तक्रार नव्हती. पण पोथीच्या ओळीचं पहिलं आणि शेवटचं अक्षर दिसायचं नि मधली ओवी गडप. मागच्या श्रावणात ते दोनदा अडखळले. दोन्ही वेळा हनुमंत मास्तर खोकले.

या मास्तरांबद्दल सांगायला हवं. निवृत्त शिक्षक, आणि मागच्या दिवाळीत फुकटच्या शिबिरात त्यांचा मोतीबिंदू निघाला होता. तेव्हापासून हा माणूस दिसेल ते मोठ्यानं वाचत सुटला होता. खताच्या गोणीवरचं वजन, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख, एसटीच्या काचेवरची सूचना. देवळात यायचे ते सरळ पाटासमोर बसायचे आणि पोथीकडं असं बघायचे की जणू मापच घेतायत.

गोरक्षनाथ नगरला डॉक्टरकडं गेले. सोबत केशरबाई, त्यांच्या पत्नी. डॉक्टरांनी यंत्राला हनुवटी टेकायला लावली, दिवे मारले, थेंब घातले, दोन तास बाकड्यावर बसवलं आणि सांगितलं, “मोतीबिंदू असता तर काढला असता, काका. हा पडदा मधोमध झिजलाय. झिजलेलं काढून काय करणार?”

“मग वाचायचं कसं?”

“अक्षर मोठं करा. जेवढं मोठं, तेवढं बरं. आणि सरळ बघू नका, जरा बाजूला बघा. कडेनं दिसेल.”

परतीच्या एसटीत अण्णा खिडकीकडं तोंड करून बसले. केशरबाईंनी दोनदा पाण्याची बाटली पुढं केली, ती त्यांनी दोनदा तशीच परत दिली. मिरजगाव आलं तेव्हा एवढंच म्हणाले, “श्रावणाला अडीच महिने राहिले.”

भिंग आणलं. भिंगात तीन अक्षरं आणि स्वतःचं नाक दिसायचं. शेवटी पुण्याहून त्यांच्या मुलाचा, राधाकृष्णचा फोन आला. म्हणाला, “अण्णा, ई-रीडर पाठवतो. पाटीसारखा असतो. पुस्तक त्याच्या आत बसतं, अक्षर पाहिजे तेवढं मोठं होतं आणि कागदासारखं दिसतं. डोळ्याला चकाकी नाही.” आठ दिवसांनी पाटी आली. काळी, हलकी, चामड्यासारख्या कव्हरमध्ये. आत राधाकृष्णनं नमुन्याला चार धार्मिक पुस्तकं भरून दिली होती. अण्णांनी अक्षर मोठं केलं, आणखी मोठं केलं, आणि वर्षभरानंतर पहिल्यांदा एक अख्खी ओळ वाचली. चष्मा काढून डोळे पुसले. केशरबाईंनी ते पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेल्या.

आता अडचण एकच होती. जगातल्या सगळ्या पोथ्या त्या पाटीत मिळत होत्या, फक्त डोंगरनाथाची मिळत नव्हती. कुठून मिळणार? शंभर वर्षांपूर्वी गावातल्याच एका भक्तानं ती रचली, एकदाच नगरला छापली, आणि तिची शेवटची प्रत देवळात लाल कापडात. ती टाइप करून घ्यायला हवी होती. आणि तिला हात लावायचा तर देवस्थान कमिटी.

कमिटीचे अध्यक्ष बिभीषणराव. हेच पोथीचा अर्थही सांगायचे. आपल्याकडं एकानं ओवी वाचायची, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा, अशी रीत आहे. बिभीषणरावांना अर्थ सांगताना कधी अडलेलं कुणी पाहिलं नव्हतं, कारण ओवी काय आहे यावर त्यांचा अर्थ अवलंबून नसे.

बैठक पारावर झाली. पाटी हातोहात फिरली.

“ह्याला चामडं हाय,” बिभीषणराव कव्हर हुंगून म्हणाले. “चामडं देवळात चालायचं न्हाई.”

“रेक्झिन आहे ते.”

“रेक्झिन कशाचं असतंय?”

हे कुणालाच माहीत नव्हतं. मास्तरांनी मागचा मजकूर मोठ्यानं वाचून पाहिला, त्यात रेक्झिनचा उल्लेख नव्हता. पाऊण तास गेला. शेवटी कव्हर काढून टाकावं असं ठरलं. मग दुसरा मुद्दा. पोथी वेशीबाहेर जात नाही. तिसरा मुद्दा. पोथी एकदा पुढं गेली की मागं फिरत नाही. वाचून झालेलं पान त्या श्रावणात पुन्हा उलटायचं नाही. हे यंत्र मागं फिरतं का? अण्णा म्हणाले, “बोट उलटं फिरवलं तर फिरतं.” सगळ्यांनी बिभीषणरावांकडं पाहिलं. मग अण्णाच म्हणाले, “पण मी फिरवणार नाही.” तसं त्यांच्याकडून लेखी घेतलं. हयातभर दुसऱ्यांकडून लेखी घेणाऱ्या माणसानं खाली मान घालून सही केली.

मास्तर सहज बोलल्यासारखं म्हणाले, “एवढा खटाटोप कशाला, अण्णा? मी वाचतो की या वर्षी. डोळे काय, आत्ताच करून आणलेत.”

“बघू,” बिभीषणराव म्हणाले. त्या ‘बघू’नं अण्णांची झोप उडवली.

पोथी वेशीबाहेर जात नाही म्हणून अण्णांनी देवळातच बसून मोबाईलवर तिचे फोटो काढले. दोनशे चौदा पानं. ज्याला पान दिसत नाही त्यानं पानाचे फोटो काढायचे, म्हणजे बघा. एका हातानं पान धरायचं, दुसऱ्या हातानं मोबाईल. चार दिवस लागले. मग मेमरी कार्ड घेऊन ते तालुक्याला पंकजाकडं गेले. कचेरीसमोर तिचं टायपिंगचं दुकान. दस्त टाइप करून देता देता हिचा संसार उभा राहिला होता आणि अण्णांना ती पूर्वीपासून ओळखत होती.

तिनं फोटो उघडले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “काका, एकशे तीस पानांवर तुमचा अंगठा आलाय.”

तेहतीस वर्षं दुसऱ्यांचे अंगठे शाईत बुडवून कागदावर उमटवले होते. अण्णा परत गेले, पुन्हा कमिटीला विचारलं, आणि पुन्हा एकशे तीस फोटो काढले. या वेळी पान धरायला केशरबाई होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण पानं त्या अगदी हलक्या हातानं धरत होत्या. एका पानावर गवळणीचं चित्र होतं, तिथं त्या थोड्या जास्त थांबल्या. “ह्यो कितवा?” त्यांनी विचारलं. “नववा अध्याय,” अण्णा म्हणाले, “बोट काढ.”

पंकजानं महिनाभर टाइप केलं. मध्ये गिऱ्हाइकं होतीच. कुणाचं प्रतिज्ञापत्र, कुणाचा करारनामा, दोन भावांचं वाटणीपत्र. श्रावण सुरू व्हायला चार दिवस असताना तिनं पोथी पाटीत भरून दिली आणि म्हणाली, “काका, एकदा सगळं वाचून तपासून घ्या बरं का. घाईत झालंय.”

“तपासतो,” अण्णा म्हणाले. घरी येऊन त्यांनी पहिला अध्याय वाचला, दुसरा अर्धा वाचला, शेवटचं पान पाहिलं. सगळं झक्क. प्रत्येक दस्ताच्या शेवटी पक्षकार लिहितात ना, ‘वाचून पाहिले, बरोबर आहे’, आणि वाचतो कुणी एक तरी? अण्णांनी हजारो वेळा मनात हसून ते पाहिलं होतं. पंकजाला त्यांनी फोन केला, “वाचून पाहिलं. बरोबर आहे.”

पहिल्या दिवशी पाटीची पूजा झाली. खाली लाल कापडात खरी पोथी, वर पाटी, म्हणजे दोघींचाही मान राहिला. हळदकुंकू पाटीच्या काठाला लावावं असं ठरलं होतं, ते बायकांनी मधोमध लावलं. मग गाव पाया पडायला आलं. जो येई तो पाटीला बोट लावून ते कपाळाला लावी, आणि बोट लागलं की पान उलटे. पन्नास-साठ माणसं पाया पडली तेव्हा पोथी पहिल्या अध्यायातून निघून तिसऱ्याच्या मध्यावर जाऊन पोचली होती. आणि मागं फिरवायचं नाही असं लेखी दिलेलं! अण्णांना दरदरून घाम फुटला. शेवटी त्यांनी खांद्यावरचं उपरणं पाटीवर टाकलं, आत हात घातला आणि नाथाची क्षमा मागत एकेक पान उलटं फिरवलं. बाहेरून ते ध्यान लावल्यासारखं दिसलं. “अण्णांची समाधी लागली,” कुणीतरी हळूच म्हणालं.

पण त्यानंतर आठ दिवस सोन्यासारखे गेले. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर यंत्रावर अन्याय होईल. अक्षर एवढं मोठं की पानावर जेमतेम चार-पाच शब्द मावत. अण्णा जरा बाजूला बघत, कडेनं शब्द टिपत, बोट लावत, पुढचं पान. डोळ्याला ताण नाही, अडखळणं नाही. मास्तर पाटासमोर बसून होते, पण खोकायला त्यांना जागा मिळत नव्हती. त्यांनी एक वही आणली होती आणि बिभीषणराव सांगतील तो अर्थ ते त्यात लिहून घेत.

नवव्या दिवशी केशरबाई देवळात आल्या. त्या दरवर्षी फक्त नवव्या अध्यायालाच येत. बाकीच्या दिवशी गुडघे दुखतात म्हणत. एकतीस वर्षांत अण्णांना कधी विचारावंसं वाटलं नाही की गुडघे नवव्याच दिवशी बरे कसे होतात. त्या तिसऱ्या खांबाला टेकून बसल्या, पदर घेतला आणि डोळे मिटले.

अण्णांनी सुरुवात केली. नवव्या अध्यायात एक गवळण आपलं हरवलेलं मूल शोधत रानात हिंडते. ती ओढ्यापाशी येते. इथपर्यंत आले. बोट लावलं. पुढचं पान.

“पूर्वेस ओढा,” अण्णांनी वाचलं. बोट. “पश्चिमेस भाऊबंदांची जमीन.” बोट. “दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस सामाईक बांध.” बोट. “येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक.”

आता तुम्ही म्हणाल, माणसाच्या लक्षात कसं आलं नाही? अहो, चार-चार शब्दांत काय लक्षात येणार? अख्खं वाक्य त्यांना एका वेळी दिसतच नव्हतं. आणि जिभेला ते शब्द इतके सवयीचे की त्या संध्याकाळी एवढाच भाग त्यांनी कुठंही न थांबता, डोळे जवळजवळ मिटून, ओवीच्या चालीत म्हटला. “राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, कायमचे लिहून दिले असे. यावर माझा अथवा माझ्या वारसांचा कोणत्याही प्रकारचा हक्क उरलेला नाही. कब्जा आज रोजीच दिला असे.”

बिभीषणरावांनी हात वर केला.

“ऐका! काय सांगितलंय बघा नाथानं. पूर्वेला ओढा. ओढा म्हंजी जल्म, वाहातोय. पश्चिमेला भाऊबंद. म्हंजी आयुष्य कलतं तवा कोन आडवं येतंय? भाऊबंद! दक्षिण कुनाची? यमाची. तिकडं गाडीवाट, गाडी काय आज ना उद्या येनारच. आन् उत्तरेला बांध. सामाईक! म्हंजी मोक्ष एकट्याचा नसतोय. आता ह्यो देह अक्कलहुशारीनं सोडायचा. रडून न्हाई. कब्जा दिऊन टाकायचा!”

“वा!” गाव म्हणालं. एकदोघींनी डोळे पुसले. मास्तरांनी सगळं वहीत लिहून घेतलं आणि ‘सामाईक’ शब्दाखाली रेघ ओढली. आरती झाली. सगळे म्हणाले, अण्णा, आज वाचन असं झालं की एकतीस वर्षांत झालं नव्हतं.

अण्णा तरंगत घरी आले. केशरबाई आधीच आल्या होत्या. त्यांनी ताट वाढलं, एकच.

“तू?”

“मला नको.”

“का गं?”

केशरबाईंनी पाण्याचा तांब्या ताटाशी ठेवला. मग म्हणाल्या, “आज माजी ववी आली न्हाई.”

“कुठली ओवी?”

त्यांनी ती म्हटली. हळू, जसं जात्यावर म्हणतात तशी.

“हरपले तान्हे माउलीचे । रान धुंडी काट्याकुट्यांचे ।
नाथ म्हणे जे होते तुझे । माझ्या झोळीत निजले ॥”

अण्णा ऐकत राहिले. एकतीस वर्षं त्यांनी ती वाचली असणार. त्यांना ती आठवत नव्हती. पण केशरबाईंना ती का आठवत होती, हे मात्र त्यांना क्षणात समजलं. त्यांची पहिली मुलगी छबू, सव्वा वर्षाची, तापानं गेली होती. राधाकृष्णच्या आधी. घरात तिचं नाव कुणी काढत नसे. अण्णांना वाटायचं केशरबाई विसरल्या.

“दर साली मी तेवढ्यासाठीच येते,” केशरबाई म्हणाल्या. “तुमी वाचता, मला वाटतं बरंय, झोळीत हाय पोरगी. आज नाथानं सांगितलं, हक्क ऱ्हायला न्हाई. कब्जा दिला.” त्या उठल्या. “बरं झालं सांगितलं. किती दिवस धरून बसायचं.”

अण्णांनी जेवणाचं ताट सारलं आणि पाटी काढली. नववा अध्याय. बाजूला बघत, एकेक शब्द. ओढा, भाऊबंद, गाडीवाट. आणि तीन पानं पुढं गेल्यावर स्वच्छ मोठ्या अक्षरांत, ‘लिहून देणार’. पंकजाला फोन लावला.

“अगं बाई!” पंकजा किंचाळली. “ते त्या दोन भावांचं वाटणीपत्र! मी दोन्ही एकदमच उघडलं होतं, काका. म्हणजे मग तुमच्या ओव्या…” कागद उलटल्याचा आवाज आला. “काका, तुमच्या अकरा ओव्या त्यांच्या वाटणीपत्रात गेल्यात. बांधाच्या कलमात.”

“त्यांनी काही म्हटलं नाही?”

“नाही ना. दोघांनी सह्या केल्या, नोटरी झाली. ‘वाचून पाहिले, बरोबर आहे’ असं लिहून गेले.”

अण्णांनी केशरबाईंना सगळं समजावून सांगितलं. पंकजा, दोन भाऊ, बांधाचं कलम. केशरबाईंनी ऐकून घेतलं.

“तुमी मला बरं वाटावं म्हनून सांगताय.”

“अगं, खरंच सांगतोय! तो नुसता कागद होता!”

“पाटावर बसून वाचलंय तुमी. पाटावर बसून तुमी खोटं वाचत न्हाई, आख्ख्या गावाला ठाव हाय.” आणि मग, भांडी उचलता उचलता, “पाटावरून सांगितलं आसतं तर मानलं आसतं.”

आता बघा, हे काय होऊन बसलं. गप्प बसलं तर कुणालाही काही कळणार नव्हतं. पंकजा बोलणार नव्हती, भाऊ वाचणार नव्हते. बिभीषणरावांनी तर त्याचा मोक्ष करून ठेवला होता. पाट राहणार होता. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि केशरबाईंनी उरलेलं आयुष्य असं काढायचं होतं की नाथानं पोरीचा हक्कसोड करून घेतला. अण्णा सकाळभर अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. दुपारी जेवले नाहीत. मास्तर कुंपणावरून म्हणाले, “अण्णा, कालचं ते बांधाचं फारच गहन हो,” तेव्हा अण्णा त्यांच्यावर इतक्या जोरात ओरडले की मास्तरांची वही पडली.

दहाव्या दिवशी केशरबाईंना त्यांनी ओढूनच देवळात नेलं. पाटावर बसले. समई लागली होती. पाटी उघडली नाही.

“मंडळी,” अण्णा म्हणाले, “काल मी पोथी वाचली नाही. वाटणीपत्र वाचलं.”

आणि सगळं सांगितलं. उपरण्याखाली पानं मागं फिरवली होती, तेही सांगितलं. आता कशाला मागं ठेवायचं? कुणी हसलं नाही, हेच वाईट झालं. हसले असते तर निभावलं असतं. सगळे बिभीषणरावांकडं बघायला लागले, आणि बिभीषणराव लालबुंद झाले. कारण अण्णांनी वाटणीपत्र नुसतं वाचलं होतं, त्यांनी त्याचा अर्थ सांगितला होता.

“वाटनीपत्र न्हाई ते,” बिभीषणराव म्हणाले. “अण्णांचं डोळं गेलं हुतं, आता डोक्यावर परिनाम झालाय.”

“अहो, त्यात गट नंबर होता पुढं!”

“आसंल! नाथाच्या इच्छेबिगर गट नंबर येतोय व्हय?”

“बरं, तसं तर तसं. पण नववा अध्याय पुन्हा वाचूया. खऱ्या पोथीतून. मास्तर वाचतील. अकराच ओव्या आहेत.”

देवळात कुजबुज झाली. मग बिभीषणरावांनी मान हलवली. “पोथी मागं फिरत न्हाई, अण्णा. तुमीच लिहून दिलंय. फुडल्या श्रावनात येईलच की नववा.”

मास्तर आधीच उठून उभे राहिले होते. अण्णा पाटावरून उतरले. उतरताना आखूड पायाकडं पाट कलला आणि त्यांचा तोल गेला. मास्तरांनी हात दिला, तो त्यांनी घेतला. मग ते तिसऱ्या खांबापाशी जाऊन केशरबाईंच्या शेजारी बसले. मास्तरांनी दहावा अध्याय वाचला. खणखणीत, एकदाही न अडखळता. खाली छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं. पाटी अण्णांच्या मांडीवर होती, आणि तिच्यावरचं कुंकू अजून गेलं नव्हतं.

आरती होऊन दोघं घरी आले. दारात केशरबाई म्हणाल्या, “खरंच कागद हुता म्हनायचा.”

“खरंच.”

“मंग झोळीतच हाय.”

“झोळीतच आहे.”

त्यांनी कडी काढली. “पाट गेला वो तुमचा,” त्या म्हणाल्या, आणि अण्णांना दोन दिवसांत पहिल्यांदा रडू आलं.

पंकजानं दुसऱ्या दिवशी नववा अध्याय दुरुस्त करून पाठवला. कुणासाठी पाठवला कुणास ठाऊक. संध्याकाळ झाली, देवळातला कर्णा सुरू झाला आणि मास्तरांचा आवाज घराघरांतून शिरला. गाव तिकडं गेलं. अण्णा पडवीत बसून राहिले. काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. एकतीस वर्षांत श्रावणातल्या या वेळी घरी कसं असतं हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

आतून काहीतरी ओढत आणल्याचा आवाज आला. केशरबाई स्वयंपाकघरातला जेवायचा पाट घेऊन आल्या. तो त्यांनी पडवीत मांडला, पदरानं पुसला.

“बसा,” त्या म्हणाल्या.

अण्णा बसले. पाटी मांडीवर घेतली, नववा अध्याय काढला. उजेड कमी झाला होता, चार शब्दही धुक्यात जात होते. त्यांनी अक्षर मोठं केलं. आणखी मोठं केलं. शेवटी एवढं मोठं झालं की एका पानावर एकच शब्द मावला. शब्द दिसायला नजर बाजूला न्यावी लागत होती, आणि बाजूला केशरबाई बसल्या होत्या. म्हणून ते त्यांच्याकडं बघत वाचत होते.

“हरपले,” अण्णा म्हणाले. बोट लावलं. “तान्हे.” बोट. “माउलीचे.”

कर्ण्यावर मास्तर भराभरा अकराव्या अध्यायाच्या शेवटाशी पोचले होते. इथं एक ओवी संपता संपत नव्हती. रान, धुंडी, काट्याकुट्यांचे. केशरबाईंचे डोळे मिटलेले होते आणि प्रत्येक शब्दाला त्यांची मान हलत होती.

“माझ्या.” बोट. “झोळीत.” बोट.

“निजले,” अण्णांनी वाचलं.

देवळात आरतीच्या टाळ्या सुरू झाल्या.

“आवो,” केशरबाई डोळे न उघडता म्हणाल्या, “हे मागं फिरतंय न्हवं?”

“फिरतं.”

“मंग फिरवा.”

अण्णांनी बोट उलट्या बाजूनं फिरवलं.